नदी कोणत्या तासाला शिकायची?

विद्यार्थी मित्रांनो, शाळेत घंटा झाली की आपण एक पुस्तक दप्तरात ठेवतो आणि दुसरे बाहेर काढतो. गणित संपते, विज्ञान सुरू होते. विज्ञान संपते, भूगोल सुरू होतो. प्रत्येक विषयाचे पुस्तक वेगळे, वही वेगळी आणि पुष्कळदा शिक्षकही वेगळे. ही सोय चांगली आहे. परंतु शाळेबाहेरच्या गोष्टी अशा तासांत वाटलेल्या नसतात. आपल्या मोहने गावाजवळून वाहणारी उल्हास नदीच घ्या. ती कोणत्या तासाला शिकायची?

“भूगोलाच्या,” असे तुम्ही म्हणाल. बरोबर आहे. उल्हास नदी लोणावळ्याजवळ राजमाचीच्या डोंगराळ भागात उगम पावते. कर्जत, नेरळ, वांगणी, बदलापूर असा प्रवास करत ती शहाड-मोहन्याला येते आणि कल्याणच्या पुढे खाडीला मिळते. तिची लांबी सुमारे १२२ किलोमीटर आहे. बारवी, काळू, भातसा या तिच्याच खोऱ्यातील नद्या. हा झाला भूगोल.

आता मोहन्याच्या बंधाऱ्याजवळ उभे राहून पाहा. येथे नदीचे पाणी पंपाने उचलले जाते. जलशुद्धीकरण केंद्रात तुरटीसारखे पदार्थ घालून त्यातील गाळ खाली बसवतात, वाळूच्या थरांतून ते गाळतात आणि त्यात क्लोरीन मिसळतात. मग ते कल्याण-डोंबिवलीच्या नळांना येते. हा रसायनशास्त्राचा धडा झाला. उन्हाळ्याच्या सुमारास नदीवर हिरवीगार जलपर्णी पसरते. ती का वाढते, हे जीवशास्त्र सांगते. वरच्या बाजूच्या वस्त्यांचे सांडपाणी नदीत येऊ नये म्हणून कोणी काय करायचे, हे नागरिकशास्त्र सांगते. पाणी शुद्ध करण्याचा खर्च कोठून यावा, हा अर्थशास्त्राचा प्रश्न. आणि याच नदीच्या मुखाशी कल्याण हे प्राचीन काळापासून बंदर होते, मुंबईजवळच्या कान्हेरी लेण्यांतील शिलालेखांत कल्याणच्या दानशूर लोकांचा उल्लेख आहे, हे इतिहास सांगतो.

म्हणजे नदी एकच, पण तिचे तास अनेक. अशा प्रश्नांचा सर्व बाजूंनी एकत्र अभ्यास करण्यासाठी महाविद्यालयात एक स्वतंत्र पदवी असते. तिला पर्यावरण अभ्यासाची किंवा पर्यावरणशास्त्राची पदवी म्हणतात. या पाठात आपण तिचीच ओळख करून घेऊ.

शब्दांत दडलेला अर्थ

‘पर्यावरण’ हा शब्द ‘परि’ आणि ‘आवरण’ या दोन शब्दांचा मिळून झाला आहे. ‘परि’ म्हणजे भोवती. आपल्या भोवतीचे आवरण ते पर्यावरण. आपल्या उर्दूत याला ‘माहौल’ म्हणतात. हा शब्द अरबीतून आला. ‘मा’ म्हणजे ‘जे’ आणि ‘हौल’ म्हणजे ‘भोवती’. जे भोवती आहे ते माहौल. दोन भाषांनी स्वतंत्रपणे जवळजवळ एकच शब्द घडवला, ही गंमत नाही का? प्राथमिक शाळेत तुम्ही ‘माहौल का मुतालआ’ शिकलात. तोच मराठी शाळांतला ‘परिसर अभ्यास’. त्या लहानशा पुस्तकात झाडे, पाणी, नकाशा आणि ग्रामपंचायत ही सारी एकत्र नांदत होती. पुढच्या इयत्तांत ती वेगवेगळ्या पुस्तकांत गेली. पर्यावरणाची पदवी त्यांना पुन्हा एकत्र आणते, परंतु फार अधिक खोलवर.

ज्या अभ्यासात दोन किंवा अधिक विद्याशाखा एकमेकींच्या मदतीला येतात, त्याला ‘आंतरविद्याशाखीय’ अभ्यास म्हणतात. शब्द लांब आहे, पण तोडून म्हटला तर सोपा आहे : आंतर - विद्या - शाखीय.

एका वडिलांचा प्रश्न

काही वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. दहावीचा निकाल लागून आठवडा झाला होता. माझी एक विद्यार्थिनी आपल्या वडिलांना घेऊन माझ्या घरी आली. आमचे बोलणे अर्थातच उर्दूत झाले. येथे ते मी मराठीत सांगतो.

“सर, हिला तुम्हीच समजावा,” तिचे वडील म्हणाले. “गुण चांगले आहेत. डी. फार्मसी करा म्हणतो, शिक्षिका हो म्हणतो. पण ही म्हणते, मला पर्यावरण शिकायचे आहे. त्यात विज्ञान आहे, कायदा आहे, अर्थशास्त्र आहे, समाजशास्त्र आहे. म्हणजे नक्की काय आहे? एक ना धड, भाराभर चिंध्या!”

मुलगी खाली मान घालून बसली होती. मी तिला विचारले, “तुला हे का शिकावेसे वाटते?”

ती म्हणाली, “सर, बंधाऱ्यावर जलपर्णी आली की घरात पाण्याची चर्चा होते. कोणी म्हणते कारखान्यांमुळे, कोणी म्हणते गटारांमुळे, कोणी म्हणते सरकारमुळे. खरे कारण कोणीच सांगत नाही. मला ते शोधायचे आहे.”

यावर तिचे वडील थोडे थांबले. ते अनेक वर्षे एका कारखान्यात कामाला होते. तो बंद पडल्यावर त्यांनी रिक्षा चालवून घर चालवले. ते सावकाश म्हणाले, “सर, नदी स्वच्छ असावी असे कोणाला वाटत नाही? पण कारखान्यातून धूर निघत होता तेव्हा आमच्या घरची चूलही पेटत होती. धूर थांबला, तशी चूलही थांबली. हे त्या पदवीत शिकवतात का?”

मित्रांनो, हा प्रश्न मी आजपर्यंत विसरलो नाही. मोहन्यातील अनेक घरांना तो ठाऊक आहे. नॅशनल रेयॉन कॉर्पोरेशनचा मोठा कारखाना येथे होता. गावाची ओळखच त्या कारखान्यावरून सांगितली जाई. २००९ साली तो बंद पडला आणि हजारो कुटुंबांचे जीवन बदलले. म्हणूनच केवळ नदीचा विचार करणारे किंवा केवळ कारखान्याचा विचार करणारे शिक्षण येथे अपुरे पडते. मुलीचा प्रश्न आणि वडिलांचा प्रश्न, दोन्ही एकाच वहीत लिहावे लागतात.

“चाचा,” मी म्हणालो, “ती पदवी चांगली शिकवली जात असेल, तर तुमचा प्रश्न तिच्यात पहिल्याच वर्षी यायला हवा.”

ही पदवी आली कोठून?

पर्यावरण हा विषय नवा नाही, परंतु त्याची स्वतंत्र पदवी मात्र तशी अलीकडची आहे. १९६२ साली अमेरिकेतील जीवशास्त्रज्ञ रेचल कार्सन यांनी ‘सायलेंट स्प्रिंग’ हे पुस्तक लिहिले. शेतात फवारलेली कीटकनाशके पक्ष्यांपर्यंत आणि माणसांपर्यंत कशी पोचतात, हे त्यांनी दाखवून दिले. तेव्हा लोकांच्या लक्षात आले की शेती, रसायने, आरोग्य आणि सरकारी धोरण हे विषय एकमेकांपासून तोडता येत नाहीत. १९६५ साली अमेरिकेतील मिडलबरी कॉलेजने पर्यावरण अभ्यासाचा पदवी अभ्यासक्रम सुरू केला. १९७२ साली स्टॉकहोम येथे संयुक्त राष्ट्रांची पर्यावरण परिषद भरली. ५ जून हा जागतिक पर्यावरण दिन त्याच परिषदेची आठवण आहे.

भारतात १९७४ साली जलप्रदूषण रोखण्याचा कायदा झाला. १९८४ साली भोपाळची भीषण वायुदुर्घटना घडली आणि १९८६ साली पर्यावरण संरक्षण कायदा आला. पण कायदे कागदावर राहून भागत नाही. ते समजणारे नागरिक हवेत. म्हणून १९९१ साली सर्वोच्च न्यायालयाने वकील एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर आदेश देताना सांगितले की, शाळा-महाविद्यालयांत पर्यावरण हा विषय शिकवला जावा. २००३ साली न्यायालयाने याबाबत पुन्हा आदेश दिले. त्यानंतर विद्यापीठ अनुदान आयोगाने सर्व शाखांच्या पदवी विद्यार्थ्यांसाठी सहा महिन्यांचा पर्यावरणाचा अभ्यासक्रम सक्तीचा केला. त्याचे पाठ्यपुस्तक पुण्याच्या डॉ. इराच भरुचा यांनी लिहिले. डॉ. भरुचा मूळचे शल्यविशारद, म्हणजे शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

सहा महिन्यांचा सक्तीचा विषय ही झाली तोंडओळख. पूर्ण पदवी त्याहून वेगळी असते. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात आणि भारती विद्यापीठाच्या पर्यावरण शिक्षण व संशोधन संस्थेत बी.एस्‌सी. पातळीवर हा विषय शिकवला जातो. पदवी तीन वर्षांची असते. २०२० सालच्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार चौथे वर्ष घेऊन ऑनर्स पदवीही मिळवता येते.

उन्हाळ्यातले पाणी

या पदवीत विचार कसा करायला शिकवतात, ते एका उदाहरणाने पाहू.

कोकणातील लहान नद्या मार्च-एप्रिलमध्ये आटतात. उल्हास नदीला मात्र भर उन्हाळ्यातही पाणी असते. का बरे?

याचे उत्तर घाटमाथ्यावर आहे. पुणे जिल्ह्यातील मावळ तालुक्यात आंद्रा नावाची नदी आहे. तिच्यावर टाटांच्या वीज कंपनीने ठोकरवाडी येथे धरण बांधले. तेथील पाणी बोगद्यातून आणि मोठ्या नळांतून घाटाखाली कर्जतजवळच्या भिवपुरी येथे आणले आणि १९२२ साली तेथे जलविद्युत केंद्र सुरू झाले. उंचावरून येणारे पाणी जनित्रे फिरवते. हे भौतिकशास्त्र. वीज तयार झाल्यावर ते पाणी उल्हास नदीत सोडले जाते.

आता नकाशा उघडा. आंद्रा नदी इंद्रायणीला मिळते, इंद्रायणी भीमेला आणि भीमा कृष्णेला. म्हणजे हे पाणी निसर्गाने पूर्वेकडे, बंगालच्या उपसागराकडे पाठवले होते. माणसाने ते पश्चिमेकडे वळवले. हा भूगोल. मुंबईच्या गिरण्यांना आणि कारखान्यांना वीज हवी होती म्हणून हे झाले. हा इतिहास आणि अर्थशास्त्र. आज त्याच पाण्यावर उल्हास खोऱ्यातील शहरे तहान भागवतात. परंतु तिकडे भीमेच्या खोऱ्यातील शेतकऱ्यालाही पाणी हवेच आहे. त्यावर कोणाचा किती हक्क? हा कायद्याचा आणि न्यायाचा प्रश्न.

बारवी धरणाचेही तसेच. बदलापूरजवळचे हे धरण औद्योगिक विकास महामंडळाचे आहे. ठाणे जिल्ह्यातील कारखान्यांना आणि शहरांना त्याचे पाणी मिळते. शहरे वाढली, तशी धरणाची उंची वाढवावी लागली. उंची वाढली, तशी काही गावे आणि पाडे उठवावे लागले. नळ उघडला की आपल्याला पाणी दिसते. ते गाव दिसत नाही. पर्यावरणाचा विद्यार्थी दोन्ही पाहायला शिकतो.

वर्गात आणि नदीवर

या पदवीच्या अभ्यासक्रमात साधारणपणे पुढील गोष्टी येतात : परिसंस्थांचा अभ्यास, म्हणजे वनस्पती, प्राणी, माती व पाणी यांचे परस्परसंबंध; पाणी, हवा आणि माती यांचे रसायनशास्त्र; भूशास्त्र आणि हवामान; संख्याशास्त्र; उपग्रहाच्या चित्रांवरून नकाशे तयार करणे; पर्यावरणाचे कायदे; अर्थशास्त्र आणि समाजाचा अभ्यास. शेवटच्या वर्षी बहुधा एक प्रकल्प करावा लागतो. विद्यार्थी स्वतः एखादा प्रश्न निवडतो, माहिती गोळा करतो आणि अहवाल लिहितो.

प्रयोगशाळेतील एक सुंदर प्रयोग सांगतो. मासे पाण्यात विरघळलेल्या प्राणवायूवर जगतात. तो किती आहे, हे विंकलर पद्धतीने मोजता येते. पाण्याच्या नमुन्यात मँगेनीजचे एक संयुग आणि आयोडाइड मिसळलेला अल्कली घालतात. पाण्यात प्राणवायू असेल तर तपकिरी साका तयार होतो. प्राणवायू नसेल तर साका पांढराच राहतो. म्हणजे येथे पांढरा रंग हे वाईट लक्षण आणि मळकट तपकिरी हे चांगले! दिसते ते नेहमीच खरे नसते, मोजून पाहावे लागते, हा या प्रयोगाचा धडा.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या वर्गवारीनुसार, जे पाणी शुद्ध करून पिण्यासाठी वापरायचे आहे, त्यात एका लिटरमागे निदान ४ मिलिग्रॅम विरघळलेला प्राणवायू असावा. पाण्यातील घाण कुजवताना सूक्ष्मजीव प्राणवायू खर्च करतात. त्या खर्चाच्या मापाला बीओडी म्हणतात. ते लिटरमागे ३ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नसावे. जेथे सांडपाणी अधिक, तेथे हा खर्च अधिक आणि माशांच्या वाट्याला येणारा प्राणवायू कमी.

जलपर्णीचे कोडेही येथेच सुटते. ही मूळची दक्षिण अमेरिकेतील वनस्पती. तिची जांभळी फुले सुंदर दिसतात. शोभेसाठी म्हणून ती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस भारतात आली, असे मानतात. सांडपाण्यातील नत्र आणि स्फुरद हे तिचे खाद्य. खाद्य मिळत राहिले की ती झपाट्याने वाढते, पाण्यावर छप्पर घालते आणि खालच्या पाण्यात उजेड पोचू देत नाही. म्हणून केवळ जलपर्णी काढून भागत नाही. ती काढायला यंत्रे लावली, तरी सांडपाणी येतच राहिले तर ती पुन्हा येते. सांडपाणी थांबवायचे तर नाले अडवून शुद्धीकरण केंद्राकडे वळवावे लागतात. त्यासाठी पैसा लागतो, जागा लागते, आणि नदीकाठच्या सर्व नगरपालिका, महानगरपालिका व ग्रामपंचायतींचे एकमत लागते. वनस्पतीपासून सुरुवात केली आणि आपण नगरपालिकेच्या सभागृहात पोचलो!

चिंध्यांची गोधडी

आता त्या वडिलांच्या म्हणीकडे वळू. ‘एक ना धड, भाराभर चिंध्या’ हा आक्षेप अगदीच खोटा नाही. सगळ्यातले थोडे थोडे शिकले आणि कशातच खोल गेले नाही, तर तो विद्यार्थी प्रयोगशाळेत रसायनशास्त्रज्ञापुढे गप्प बसतो आणि न्यायालयात वकिलापुढे. हा धोका खरा आहे.

पण आपल्या घरात आजी-नानी जुन्या कपड्यांचे तुकडे घेऊन काय करतात? त्या गोधडी शिवतात. तुकडे तेच असतात. दोऱ्याने ते एकत्र येतात आणि थंडीत ऊब देतात. या पदवीत दोरा म्हणजे विद्यार्थ्याचा प्रश्न. ‘मोहन्याच्या बंधाऱ्यावर जलपर्णी का वाढते?’ असा एक पक्का प्रश्न हाती असेल, तर रसायन, जीवशास्त्र, अर्थशास्त्र आणि कायदा त्याच्याभोवती आपोआप जोडले जातात. प्रश्नच नसेल, तर मात्र हाती चिंध्याच राहतात. शिवाय एक विषय तरी असा हवा, की त्यात आपला हात पक्का असेल. गोधडीचा मधला तुकडा मजबूत असावा लागतो.

असे काम करणारे मोठे नाव म्हणजे डॉ. माधव गाडगीळ. त्यांचा जन्म १९४२ साली पुण्यात झाला. वडील धनंजयराव गाडगीळ हे नामवंत अर्थशास्त्रज्ञ. माधवरावांनी जीवशास्त्राचा अभ्यास केला आणि अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात गणिताच्या साहाय्याने निसर्गाचा अभ्यास करून डॉक्टरेट मिळवली. परत आल्यावर ते बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत शिकवू लागले. जंगलाविषयी गावकऱ्यांना काय माहीत आहे, हे त्यांनी गावोगाव जाऊन ऐकले. १९९२ साली त्यांनी इतिहासकार रामचंद्र गुहा यांच्यासह भारताच्या पर्यावरणाचा इतिहास सांगणारे पुस्तक लिहिले. २०१० साली नेमलेल्या पश्चिम घाटाच्या अभ्यासगटाचे ते अध्यक्ष होते. जीवशास्त्र हा त्यांचा मजबूत तुकडा होता. बाकीचे तुकडे त्यांनी त्याला जोडले.

जनसुनावणी आणि मराठीचा तास

तुम्ही विचाराल, हे ज्ञान सामान्य माणसाच्या काय उपयोगाचे? आपल्याच गावचे उदाहरण देतो.

मोठा प्रकल्प सुरू करण्यापूर्वी त्याचे हवेवर, पाण्यावर आणि माणसांवर काय परिणाम होतील, याचा अभ्यास करून अहवाल तयार करावा लागतो. २००६ सालच्या अधिसूचनेनुसार अशा अनेक प्रकल्पांसाठी लोकांचे म्हणणे ऐकून घेण्यासाठी जनसुनावणी घ्यावी लागते. तिची सूचना निदान ३० दिवस आधी द्यावी लागते आणि अहवालाचा सारांश स्थानिक भाषेत उपलब्ध करून द्यावा लागतो. २०२५ साली मोहने येथे सिमेंट दळण्याच्या एका प्रस्तावित कारखान्याबाबत अशीच जनसुनावणी झाली आणि रहिवाशांनी आपल्या हरकती मांडल्या.

कारखाना असावा की नसावा, हे ठरवणे या पाठाचे काम नाही. पण अशा सुनावणीला जाणाऱ्या माणसाला काय काय समजायला हवे, ते पाहा. धूळ किती उडेल आणि हिवाळ्यात वारा तिला कोणत्या वस्तीकडे नेईल? १० मायक्रॉनपेक्षा बारीक धुळीचे २४ तासांचे सरासरी प्रमाण हवेच्या एका घनमीटरमध्ये १०० मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त नसावे, असे राष्ट्रीय मानक आहे. अहवालातील आकडा त्याच्याशी कसा ताडून पाहायचा? रोजगार किती जणांना मिळेल, आणि त्यांत गावातले किती असतील? अटी मोडल्या तर तक्रार कोठे करायची? यातला कोणताही एक प्रश्न सोडला, तर मत अर्धवट राहते. धुराचाही हिशेब हवा आणि चुलीचाही.

आणि हो, सारांश मराठीत असतो! उर्दू ही आपली मायबोली आहे, कायद्याची पुस्तके बहुधा इंग्रजीत असतात. पण महानगरपालिकेची नोटीस आणि जनसुनावणीचा सारांश वाचायचा तर मराठी यायलाच हवी. नदीकाठी मासे धरणाऱ्या माणसाशी किंवा विस्थापित पाड्यातील आजीशी बोलायचे, तरी मराठीच लागते. तेव्हा मराठीचा तास केवळ परीक्षेसाठी आहे, असे कोणी समजू नये.

ज्यांना हा मार्ग घ्यायचा आहे

पर्यावरणशास्त्राच्या बी.एस्‌सी.ला प्रवेश घ्यायचा तर सामान्यतः बारावी विज्ञान शाखेतून उत्तीर्ण व्हावे लागते. विज्ञान शाखा घेतली नाही म्हणून दार बंद होत नाही. भूगोल, अर्थशास्त्र किंवा समाजशास्त्र घेऊन बी.ए. करता येते आणि पुढे पर्यावरणाकडे वळता येते. प्रवेशाचे नियम बदलतात, म्हणून त्या त्या वर्षीचे माहितीपत्रक स्वतः वाचावे. गणिताची भीती बाळगू नये. आकडे समजले नाहीत तर प्रदूषणही समजत नाही.

पदवी मिळाली की नोकरी दारात येऊन उभी राहते, असे मी म्हणणार नाही. पुष्कळांना पुढे एम.एस्‌सी. करावी लागते. परंतु कामाची क्षेत्रे आहेत : प्रदूषण नियंत्रण मंडळ, पाणी व हवा तपासणाऱ्या प्रयोगशाळा, कारखान्यांतील पर्यावरण विभाग, प्रकल्पांचे अहवाल तयार करणाऱ्या संस्था, शिक्षण, पत्रकारिता आणि सामाजिक संस्था. प्रत्येक महानगरपालिकेला दरवर्षी शहराच्या पर्यावरणाचा अहवाल सादर करावा लागतो. तो लिहायलाही जाणते लोक हवेतच.

त्या मुलीचे पुढे काय झाले, हे सांगायचे राहिले. तिच्या वडिलांनी त्या दिवशी चहा संपवला आणि एकच अट घातली, “गणित सोडायचे नाही.” तिने अकरावीला विज्ञान शाखा घेतली. पहिले वर्ष इंग्रजीमुळे तिला जड गेले. शब्दकोश उशाशी ठेवून तिने ते पार केले. आज ती पदवीच्या शेवटच्या वर्षाला आहे. तिचा प्रकल्प उल्हास नदीवर आहे. बाटलीत पाण्याचे नमुने घेऊन ती प्रयोगशाळेत तपासते. पण तिच्या वहीचा निम्मा भाग मुलाखतींचा आहे. पूर्वी नदी कशी होती, मासे कोणते मिळत, कारखाने बंद पडल्यावर घरे कशी चालली, हे ती जुन्या कामगारांना विचारते.

मागच्या सुट्टीत ती मला भेटायला आली होती. मी विचारले, “पहिली मुलाखत कोणाची घेतलीस?”

ती हसून म्हणाली, “अब्बांची, सर. दोन तास बोलले. नंतर म्हणाले, नीट लिही, एकही शब्द गाळू नकोस.”

स्वाध्याय

प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) ‘माहौल’ आणि ‘पर्यावरण’ या शब्दांत कोणते साम्य आहे?
(आ) भिवपुरीचे जलविद्युत केंद्र कोणत्या साली सुरू झाले?
(इ) विंकलर पद्धतीत तपकिरी साका काय दाखवतो?

प्र. २. थोडक्यात उत्तरे लिहा.
(अ) केवळ जलपर्णी काढून नदी स्वच्छ का होत नाही?
(आ) ‘धूर’ आणि ‘चूल’ या शब्दांतून वडिलांना काय सुचवायचे होते?
(इ) चिंध्या आणि गोधडी यांच्या उदाहरणातून लेखकाने काय पटवून दिले आहे?

प्र. ३. ‘एक ना धड, भाराभर चिंध्या’ या म्हणीचा अर्थ सांगून ती वाक्यात वापरा. अशा अर्थाची उर्दू म्हण घरातील मोठ्या माणसांना विचारून लिहा.

उपक्रम : तुमच्या घरी येणारे पाणी कोणत्या नदीचे आहे, ते कोठे शुद्ध होते, हे शोधा. घरातील वडील माणसांना नदीच्या जुन्या आठवणी विचारा आणि मराठीत दहा ओळी लिहा.